शिफारसपत्रावर सही करण्यापूर्वी

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आमच्या वाडीतली एक मुलगी माझ्याकडे अर्ज घेऊन आली. वय तेवीस, बी.कॉम. झालेली, दोन वर्षांपासून अंधेरीच्या एका कार्यालयात हिशेबाच्या कामाला. सकाळी वसई रोडहून लोकल पकडते, रात्री आठच्या सुमारास घरी येते आणि रविवारी मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना संपल्यावर धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या, लहान मुलांना धर्मशिक्षण देते. तिला नोकरी सोडून दुसऱ्या राज्यातल्या एका कॅथलिक केंद्रात नऊ महिने राहायचे आहे. त्यातले पहिले काही महिने प्रार्थना, बायबलचा अभ्यास आणि सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगण्याचे प्रशिक्षण. पुढे चार-पाच जणांच्या गटाने गावोगावच्या धर्मग्रामांत आणि महाविद्यालयांत जाऊन सेवा. अर्जाला शिफारसपत्राचा एक कोरा कागद जोडलेला होता. दृढीकरण संस्काराच्या तयारीच्या वर्गात मी तिला शिकवले होते, म्हणून तो मी भरावा, अशी तिची इच्छा होती.

अर्ज सहा पानांचा होता आणि त्यातले बहुतेक प्रश्न रास्त होते: शिक्षण, प्रकृती, घरची माणसे, प्रार्थनेची सवय, कुठल्या भाषा येतात. चौथ्या पानावर मात्र एक प्रश्न होता: ‘तुमच्या आजवरच्या आयुष्यातील सर्वांत खोल जखम कोणती? सविस्तर लिहा.’ त्याखाली बारा आखीव ओळी. हे उत्तर कोण वाचणार, ते कुठे ठेवले जाणार आणि वर्ष संपल्यावर त्या कागदाचे काय होणार, याविषयी सहा पानांत एक शब्दही नव्हता. मुलीने बाकीचा अर्ज सुवाच्य अक्षरात भरून आणला होता. त्या बारा ओळी तेवढ्या कोऱ्या होत्या. मी शिफारसपत्र ठेवून घेतले आणि तिला आठवड्याने यायला सांगितले. त्या आठवड्यात जे मनात आले ते इथे लिहितो आहे, कारण हा प्रश्न आता एका मुलीचा राहिलेला नाही. वसईतले, मुंबईतले, गोव्यातले अनेक तरुण अशा वाटेवर पाऊल ठेवतात आणि त्यांच्या घरी, धर्मग्रामात त्याविषयी जी चर्चा होते ती बहुधा नोकरी आणि लग्न या दोन मुद्द्यांपाशीच संपते.

या वाटेचा इतिहास फार जुना नाही. सुवार्ता सांगायला घरदार सोडून जाणारा माणूस म्हणजे फादर, ब्रदर किंवा सिस्टर, हे आमच्या आजोबांच्या पिढीला स्वयंस्पष्ट होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ साली प्रापंचिकांच्या (फादर, ब्रदर किंवा सिस्टर नसलेल्या श्रद्धावंतांच्या) प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेशपत्र काढले आणि हे कार्य स्नानसंस्कारामुळेच प्रत्येकाच्या वाट्याला येते, ते कोणी उसने दिलेले काम नव्हे, असे ठामपणे मांडले. पुढे १९८३ साली हैतीमध्ये बोलताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी नव्या आवेशाने, नव्या पद्धतींनी आणि नव्या अभिव्यक्तीने सुवार्ताप्रसार करण्याचे आवाहन केले. त्याच सुमारास ठिकठिकाणी तरुण प्रापंचिकांसाठी निवासी उपक्रम उभे राहत होते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९८१ साली नेट मिनिस्ट्रीज सुरू झाली. तिथले तरुण आधी काही आठवडे एकत्र राहून प्रशिक्षण घेतात आणि मग शैक्षणिक वर्षभर गटागटाने गाडीतून फिरत, कुटुंबांच्या घरी मुक्काम करत शाळकरी मुलांसाठी शिबिरे घेतात. पॅरिसमध्ये १९७२ साली जन्मलेल्या इमॅन्युएल कम्युनिटीने अशाच तरुणांसाठी निवासी मिशन-शाळा काढल्या. आपल्या देशात केरळमध्ये १९८०च्या दशकात जीझस यूथ ही चळवळ रुजली, तिच्यात वर्षभर पूर्णवेळ सेवा देणाऱ्या तरुणांची प्रथा पडली आणि २०१६ साली व्हॅटिकनने तिला आंतरराष्ट्रीय संघटना म्हणून मान्यता दिली. भारतीय मातीतल्या तरुणांनी उभे केलेले काम जगभर पोहोचले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तरुणाने अशा उपक्रमात जावे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘जावे’ असेच आहे. मात्र त्या ‘जावे’ला एक अट आहे आणि ती अट हाच या लेखाचा विषय आहे. जिथे शिकणाऱ्याच्या सदसद्विवेकाचा मान राखला जातो, तिथेच ऐकणाऱ्याच्या सदसद्विवेकाचा मान राखायला शिकता येते. या दोन स्वातंत्र्यांची फारकत करता येत नाही. ज्याच्या मनात कोणी दार ढकलून शिरले, तो उद्या दुसऱ्याचे दारही ढकलेल आणि त्यालाच सुवार्ता समजेल.

आधी ‘जावे’ का, ते सांगतो. घरचे लोक विचारतात की सुवार्ता सांगण्यासाठी घर सोडायची काय गरज. प्रापंचिकाने आपला प्रपंच, आपले कार्यालय, आपली लोकल हीच मिशनभूमी मानावी. हे म्हणणे चुकीचे नाही, परिषदेनेही प्रापंचिकांचे स्थान जगाच्या मधोमधच सांगितले आहे. पण मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू बारा जणांना नेमतो तेव्हा दोन हेतू सांगितले आहेत: त्यांनी त्याच्याबरोबर असावे आणि त्याने त्यांना पाठवावे. पाठवणे दुसरे आहे, बरोबर असणे पहिले. शनिवारी संध्याकाळच्या दोन तासांच्या वर्गात ‘पाठवणे’ थोडेफार शिकवता येते. ‘बरोबर असणे’ शिकायला एका छपराखाली राहावे लागते.

मी हे अनुभवाने लिहितो. ऐन तारुण्यात मीही अशाच एका केंद्रात तीन महिने राहिलो होतो. चाळीस तरुण, दोन न्हाणीघरे, पहाटे साडेपाचची घंटा. माझ्या गटाकडे रात्रीची भांडी होती. भाताच्या मोठ्या पातेल्याला करपलेला थर काथ्याने घासताना माझी जोडी छोटा नागपूरच्या एका उरांव मुलाशी होती. आम्हा दोघांनाही हिंदी मोडकीतोडकीच येत होती. वसईच्या कॅथलिकाला एक गुप्त अहंकार असतो की आपण पोर्तुगीज काळापासूनचे, आपली चर्चे दगडी, आपली श्रद्धा पिढीजात. त्या मुलाच्या गावी चर्च म्हणजे कौलारू खोली होती आणि फादर महिन्यातून एकदा येत. उरलेल्या रविवारी त्याचे वडील प्रार्थना चालवत. आपल्या श्रद्धेत स्वतःचे असे किती आणि वारशाने आयते मिळालेले किती, हा प्रश्न मला पहिल्यांदा त्या पातेल्यापाशी पडला. भांड्यांवरून आमचे भांडणही झाले, दोन दिवस अबोला झाला आणि तिसऱ्या दिवशी मिस्सामध्ये ‘शांती असो’ म्हणताना हात त्याच्यासमोरच जोडायची वेळ आली. क्षमा या विषयावर नंतर मी अनेक प्रवचने ऐकली आहेत. लक्षात राहिले ते पातेले.

त्याच केंद्रात दुसरी गोष्टही घडली. पाचव्या आठवड्यात एका रात्री आम्हाला वर्तुळात बसवले, दिवे मालवले आणि मधोमध एक मेणबत्ती ठेवली. ती एकेकाच्या हातात येई आणि ज्याच्या हाती मेणबत्ती त्याने आपल्या आयुष्यातले सर्वांत मोठे दुःख सांगायचे. ‘नको’ म्हणायची मोकळीक आहे, असे कोणी म्हणाले नाही, आणि माझ्याआधी सात जण रडत रडत बोलले होते. मी माझ्या वडिलांच्या व्यसनाविषयी बोललो. घरात आम्ही भावंडे एकमेकांतही कधी जे बोललो नव्हतो, ते मी चाळीस अनोळखी माणसांना सांगितले. त्या क्षणी हलके वाटले, हे खरे आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण पुढच्या आठवड्यात व्याख्यान देणाऱ्या मार्गदर्शकाने ‘आपल्यातल्याच एकाचे वडील’ म्हणून तेच उदाहरण सर्वांसमोर दिले. चाळीसही जणांना ठाऊक होते. मी खाली मान घालून बसलो आणि पुढे कित्येक वर्षे वडिलांच्या नजरेला नजर देताना मला अपराधी वाटत राहिले. त्या मार्गदर्शकाच्या मनात दुष्टपणा नव्हता. त्यांना वाटत होते की ते माझे भले करत आहेत. अशा ठिकाणी होणारी बहुतेक इजा अशीच, भल्या हेतूने होते, आणि म्हणूनच ती ओळखायला वेळ लागतो.

या बाबतीत ख्रिस्तसभेजवळ शतकानुशतकांचे शहाणपण आहे, आणि ते नव्या उपक्रमांच्या दाराबाहेर राहून जाते, हे माझे मुख्य दुखणे आहे. १९८३च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील ९८५वे कलम सांगते की नवशिक्या व्रतस्थांचा प्रमुख किंवा सेमिनरीचा (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाचा) रेक्टर म्हणजे प्रमुख यांनी त्याच घरात राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन ऐकू नये. एखाद्या विद्यार्थ्याने एखाद्या वेळी स्वतःहून, मोकळेपणी मागितले तरच अपवाद. ६३०वे कलम व्रतस्थ संस्थांच्या वरिष्ठांना बजावते की आपल्या सदस्यांना त्यांनी अंतःकरण उघडे करायला कोणत्याही प्रकारे भाग पाडू नये. यामागचे कारण साधे आहे: जो माणूस तुम्हाला ठेवायचे की काढायचे हे ठरवतो, त्यालाच तुमच्या अंतरंगाची किल्ली मिळाली, तर तुमच्या ‘हो’ला आणि ‘नाही’ला अर्थ उरत नाही. जेझुइट धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात साधना करवून घेणाऱ्यांसाठी ज्या सूचना लिहून ठेवल्या, त्यांत एक अशी आहे की साधकाला या किंवा त्या जीवनमार्गाकडे ओढू नका, तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहा आणि निर्मात्याला त्याच्या निर्मितीशी थेट बोलू द्या. दुसरी अशी की साधक भक्तीच्या भरात असेल तेव्हा त्याला घाईघाईने वचने देण्यापासून सावध करा.

सेमिनरीत जाणाऱ्या मुलाला हे संरक्षण कायद्याने मिळते. सात-आठ वर्षांच्या त्या घडणीत अध्यात्मिक मार्गदर्शक वेगळा आणि रेक्टर वेगळा असतो. नऊ महिन्यांच्या उपक्रमात जाणाऱ्या प्रापंचिक तरुणीला मात्र अनेकदा एकच व्यक्ती अर्ज वाचणारी, गटात घालणारी, प्रार्थनेत साथ देणारी, तिच्या जखमा ऐकणारी आणि शेवटी तिच्याविषयी अहवाल लिहिणारी असते. ‘आम्ही एक कुटुंब आहोत’ असे अशा वेळी सांगितले जाते. कुटुंबातही आई मुलीची रोजनिशी न विचारता वाचत नाही.

या धोक्याची व्हॅटिकनलाही जाणीव आहे. ११ जून २०२१ रोजी प्रापंचिकांसाठीच्या व्हॅटिकनच्या विभागाने आंतरराष्ट्रीय संघटनांसाठी एक आदेश काढला. त्यानुसार मध्यवर्ती कार्यकारिणीची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे आणि एका व्यक्तीला तिच्यात सलग जास्तीत जास्त दहा वर्षे राहता येते. नेतृत्व वर्षानुवर्षे एकाच हाती राहिल्याने सदस्यांच्या प्रतिष्ठेचा आणि स्वातंत्र्याचा भंग झाल्याची उदाहरणे घडली, हे कारणही त्यासोबत स्पष्टपणे दिलेले आहे. हा आदेश वरच्या पातळीवरचा आहे. मेणबत्तीच्या वर्तुळापर्यंत तो आपोआप पोहोचणार नाही. तो आपल्या बिशपांनी, धर्मगुरूंनी आणि माझ्यासारख्या शिफारस करणाऱ्यांनी पोहोचवायला हवा.

आता ऐकणाऱ्याकडे वळतो. भारतात सुवार्ता हा शब्द उच्चारला की धर्मांतराचा वाद उभा राहतो आणि अशा प्रशिक्षणाला जाणाऱ्या तरुणाला तो वाद माहीत असलाच पाहिजे. घटनेच्या २५व्या अनुच्छेदात धर्म मानण्याच्या आणि आचरण्याच्या हक्काबरोबर त्याचा प्रचार करण्याचा हक्कही आहे. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ‘प्रचार’ या शब्दावर मोठी चर्चा झाली आणि तो राहावा म्हणून बोलणाऱ्यांत कन्हैयालाल मुन्शी होते, हे आपल्याकडच्या ख्रिस्ती तरुणांना क्वचितच कोणी सांगते. पुढे मध्य प्रदेश आणि ओडिशाच्या धर्मांतरविषयक कायद्यांना दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयापुढे आले. १९७७च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात न्यायालयाने म्हटले की प्रचाराच्या हक्कात आपल्या धर्माची तत्त्वे मांडण्याचा हक्क येतो, दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा हक्क येत नाही. या निकालावर कायदेपंडितांनी टीका केली आहे आणि नंतरच्या काळात काही राज्यांनी केलेले कायदे निरपराध प्रार्थनासभांवरही वापरले गेले आहेत, याची चीड मला आहे. तरी त्या निकालातला एक विचार मला ख्रिस्ती म्हणूनही मान्य करावासा वाटतो: जे स्वातंत्र्य एकाला, तेच आणि तितकेच दुसऱ्याला.

कारण हीच गोष्ट परिषदेने आधी सांगितली होती. धर्मस्वातंत्र्याविषयीच्या ७ डिसेंबर १९६५च्या घोषणापत्रात स्पष्ट म्हटले आहे की श्रद्धा पसरवताना बळजबरीचा किंवा अप्रामाणिक मन वळवण्याचा नुसता भासही होईल असे वागणे टाळावे, विशेषतः गरीब आणि अशिक्षित लोकांशी वागताना. यातला ‘भास’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. आजारी माणसाच्या उशाशी बसून प्रार्थना करणे हे प्रेम आहे. ‘श्रद्धा ठेवलीस तर बरा होशील’ असे त्याला सांगणे हा दबाव आहे. या दोहोंतला फरक नियमांच्या पुस्तकातून समजत नाही. ज्या तरुणावर कधी दबाव आला नाही, ज्याने ‘नको’ म्हटल्यावर त्याच्या ‘नको’ला मान मिळाला, त्याला तो फरक बोटांच्या टोकाला कळतो. मी त्या तीन महिन्यांनंतर दोन वर्षे एका गटाबरोबर कॉलेजांत फिरलो आणि आज शरमेने कबूल करतो की आम्हीही मुलांना वर्तुळात बसवत होतो, दिवे मालवत होतो आणि मेणबत्ती फिरवत होतो. आमच्यावर जे केले गेले, तेच आम्ही केले. दुसरी पद्धत असते, हे आम्हाला कुणी दाखवले नव्हते.

दुसरी पद्धत मात्र आमच्याच भूमीत होती. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, सुमारे चाळीस वर्षे तिथल्या लोकांत राहिला, त्यांची भाषा शिकला आणि १६१६ साली राशोलला छापलेल्या क्रिस्तपुराणात त्याने येशूची कथा मराठी ओव्यांत सांगितली. त्या काळच्या गोव्यातल्या सत्तेच्या दडपशाहीवर पांघरूण घालायचा माझा हेतू नाही. पण ओवी हा प्रकार ऐकणाऱ्याला बसून, आपल्या गतीने ऐकू देतो. पटले तर तो मान डोलावतो, न पटले तर उठून जातो. माझ्या मते प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यांत तरुणांना भाषणाचे तंत्र शिकवण्याआधी ऐकायला शिकवावे: ज्या गावात जायचे त्याची बोली, तिथल्या सणांची नावे, शेजारच्या देवळातल्या भजनाची वेळ. शेजाऱ्याला गणपतीच्या दिवसांत परीक्षा असलेल्या मुलाची काळजी वाटते, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने त्याला जीवनाचा अर्थ सांगायला जाऊ नये.

पैशाचा मुद्दा थोडक्यात मांडतो. अनेक उपक्रमांत तरुणाने आपला खर्च नातेवाइकांकडून आणि हितचिंतकांकडून गोळा करावा, अशी अपेक्षा असते. ज्याचे मामा-काका कुवेत किंवा कॅनडात आहेत त्याला ते जमते. ज्याच्या वडिलांची अर्धा एकर केळीची बाग आहे त्याला जमत नाही, आणि मग मिशन हे सुस्थितीतल्या घरांचे काम होऊन बसते. कायदेसंहितेचे २३१वे कलम तात्पुरत्या सेवेला वाहून घेणाऱ्या प्रापंचिकांचाही विचार करते आणि प्रापंचिक सेवकांना योग्य मोबदल्याचा हक्क देते. धर्मग्रामाच्या सणाला मांडव, बँड आणि जेवणावळीवर होणाऱ्या खर्चाचा छोटासा भाग एका मुलाच्या नऊ महिन्यांसाठी बाजूला काढता येत नसेल, तर आपण मिशन रविवारी काय मागतो, याचा विचार करावा.

आणि परतल्यानंतर काय, हा प्रश्न तर जवळजवळ कोणीच विचारत नाही. नऊ महिने तीव्र प्रार्थनेत आणि घट्ट मैत्रीत राहिलेली व्यक्ती वाडीत परतते तेव्हा मिस्सा लांबलेली वाटते, घरचे लोक कोमट वाटतात, सात-चाळीसच्या लोकलच्या गर्दीत देव सापडत नाही. अशा वेळी केंद्रातूनच ‘आणखी एक वर्ष ये’ असा निरोप येतो किंवा ‘तुला व्रतस्थ जीवनाचे पाचारण दिसते’ असे कोणी सुचवते. ते पाचारण खरेही असेल. पण जीवनमार्ग निवडताना कोणत्याही सक्तीपासून मुक्त असण्याचा हक्क २१९वे कलम प्रत्येक श्रद्धावंताला देते, आणि थकलेल्या, एकटे पडलेल्या तरुणाला दिलेली सूचना ही सक्तीच्या फार जवळ असते. म्हणून परतल्यावर किमान सहा महिने कोणताही मोठा निर्णय नको, तोवर धर्मग्रामातले एखादे वडीलधारे जोडपे त्याच्या सोबतीला असावे, असे माझे मत आहे. योहानच्या सहाव्या अध्यायात पुष्कळ शिष्य येशूला सोडून गेले तेव्हा त्याने उरलेल्या बारा जणांना विचारले, ‘तुमचीही निघून जाण्याची इच्छा आहे काय?’ ज्या घरात हा प्रश्न मोकळेपणाने विचारला जातो, त्या घरी मी माझ्या मुलीलाही पाठवीन.

आठवड्याने ती आली. तिच्या आईने सोबत ताज्या भाजीची पिशवी दिली होती. मी तिला मेणबत्तीची गोष्ट सांगितली. माझ्या घराबाहेर ती पहिल्यांदाच सांगत होतो. तिने बराच वेळ काही म्हटले नाही. मग अर्ज उघडून चौथ्या पानावरच्या पहिल्या ओळीवर लिहिले: ‘याविषयी लिहू इच्छित नाही. योग्य वाटल्यास, माझा विश्वास बसलेल्या व्यक्तीला प्रत्यक्ष सांगेन.’ उरलेल्या अकरा ओळींवर तिने पट्टी ठेवून एक तिरकी रेघ ओढली. मी शिफारसपत्र भरले, तिच्याविषयी जे चांगले ठाऊक होते ते सर्व लिहिले आणि खाली संचालकांसाठी तीन प्रश्न जोडले: अर्जातली वैयक्तिक माहिती कोण वाचते, अध्यात्मिक मार्गदर्शक आणि व्यवस्थापक वेगळे आहेत का, आणि मध्येच परतावेसे वाटले तर मुलीला तिकीट कोण काढून देते. मग सही केली. उत्तर आले तर आणि जसे येईल तसे तिला आधी वाचायला द्यायचे, जायचे की नाही हे तिने ठरवायचे, एवढे आमचे ठरले आहे.